एलएसयू बेसबॉल २०२६ : संघ कसा वाटतोय? सीझन तिकीट आणि ओमाहाच्या बुकिंगबद्दल सल्ला हवा

अनघा_बॅटनरूज

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

नवऱ्याच्या प्लांटमधल्या नोकरीमुळे आम्ही लुइझियानात आलो. बेसबॉलशी आमचा संबंध शून्य होता. पण गेल्या जूनमध्ये एलएसयूनं (इथली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची देशातली अंतिम स्पर्धा, जिंकली तेव्हा अख्खं गाव जांभळं-सोनेरी झालेलं पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या घरातही ते वारं शिरलंय. आता जानेवारी आहे, सीझन फेब्रुवारीत सुरू होतोय, आणि किराणा दुकानाच्या रांगेपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे एकाच विषयावर बोलतायत.

प्रश्न दोन. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे अ‍ॅलेक्स बॉक्स स्टेडियमच्या चार सीझन खुर्च्या आहेत. त्याचा भागीदार गाव सोडून गेला, म्हणून दोन खुर्च्या आम्हाला घ्या म्हणतोय, अख्ख्या सीझनच्या. रक्कम आमच्यासाठी लहान नाही. घ्याव्यात का?

दुसरं, सासू-सासरे मेच्या सुरुवातीला साताऱ्याहून येतायत, जुलैपर्यंत आहेत. सासरे क्रिकेटचे पक्के दर्दी, तरुणपणी क्लबकडून खेळलेले. त्यांना जूनमध्ये ओमाहाला, म्हणजे ती सिरीज भरते त्या नेब्रास्कातल्या गावी, फायनल्स दाखवायला न्यायचं असं नवऱ्याच्या डोक्यात आहे. प्लांटमधले लोक म्हणतात हॉटेल आत्ताच धरा. पण संघ तिथवर पोचलाच नाही तर? संघ खरंच तितका भारी आहे, की गेल्या वर्षीची धुंदी अजून उतरलेली नाही?

आगाऊ धन्यवाद.

चेंडूफळी

क्रिकेटवाल्या सासऱ्यांना बेसबॉल! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (ह.घ्या.)

डगआउट_दादा

अनघाताई, धागा वेळेवर काढलात. मी ह्यूस्टनला असतो, पण पदवी एलएसयूची, त्यामुळे पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट. जूनमध्ये कप उचलणारा संघ आणि १३ फेब्रुवारीला मैदानात उतरणारा संघ हे एकच नाहीत. कॉलेजातलं तिसरं वर्ष संपलं किंवा वयाची २१ वर्षं झाली की मुलगा मेजर लीगच्या ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) पात्र होतो, आणि ड्राफ्ट असतो जुलैत. म्हणजे कप जिंकून तीन आठवडे होत नाहीत तोच सगळ्यात चांगली पोरं निघून जातात. नावं, जर्सी, कोच तेच. आतली माणसं बदललेली.

आता गेलं कोण ते बघा. केड अँडरसन, डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा). फायनलच्या पहिल्या सामन्यात त्यानं कोस्टल कॅरोलायनासमोर पूर्ण नऊ इनिंग एकट्यानं टाकल्या. १३० चेंडू, एकही धाव नाही, आपण १-० नं जिंकलो. आणि ही कोस्टल म्हणजे सलग २६ सामने जिंकून तिथे आलेली टीम! सीझनभरात त्याचे १८० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), देशात सर्वाधिक. सिअ‍ॅटल मरिनर्सनं त्याला तिसऱ्याच क्रमांकावर उचललं. दुसऱ्या सामन्यात सुरुवात करणारा अँथनी आयन्सन बॉस्टन रेड सॉक्सकडे गेला. पहिल्या बेसवरचा जॅरेड जोन्स, ज्यानं आर्कन्सॉविरुद्ध शेवटच्या फटक्यावर आपल्याला फायनलमध्ये नेलं, तोही गेला.

पिचरचं एवढं का लावून धरतोय तर कॉलेजचं वेळापत्रक तसं असतं. एसईसी कॉन्फरन्समध्ये (एलएसयू खेळते ती दक्षिणेतल्या कॉलेजांची लीग) १० आठवडे, दर आठवड्याला एकाच प्रतिस्पर्ध्याशी शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने. सुरुवात करणारा पिचर आठवड्यात एकदाच येतो. ज्याच्याकडे शुक्रवारचा आणि शनिवारचा पिचर खात्रीचा, तो तीनपैकी दोन जिंकतो, आणि दर आठवड्याला दोन जिंकणारा संघ मेअखेरीस देशातल्या पहिल्या आठांत असतो. आपले नेमके तेच दोघं गेलेत.

आलं कोण? केसन इव्हान्स आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी बहुतेक वेळा शेवटी येऊन सामना बंद करायचा. यंदा त्याला शुक्रवार मिळेल असा सगळ्यांचा अंदाज आहे. विल्यम श्मिट हा बॅटन रूजचाच पोरगा. शाळेतून थेट व्यावसायिक बेसबॉलमध्ये जाऊ शकला असता, पण ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन एलएसयूत आला. कॅन्ससहून बदली घेऊन आलेला कूपर मूर तिसरा. तिघांच्याही हातात दम आहे, पण एसईसीतल्या दहा आठवड्यांचं ओझं यांतल्या एकानंही अजून उचललेलं नाही.

बॅटिंगची मला काळजी नाही. डेरेक क्युरिएल परत आलाय, पहिल्याच वर्षी ०.३४५ ची सरासरी होती. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) स्टीव्हन मायलम आहे. त्या १-० मधली एकमेव धाव त्याच्याच फटक्यावर आली. जेक ब्राउन आहे. ग्रँड कॅन्यनहून झॅक यॉर्क आणि ओरेगन स्टेटहून ट्रेंट कॅरवे आलेत, दोघंही जोरात हाणणारे.

माझा अंदाज विचाराल तर घरच्या मैदानावर रीजनल (६४ संघांच्या स्पर्धेची पहिली फेरी) नक्की. ओमाहा, पन्नास-पन्नास.

कॉलेजस्टेशन_काका

दादा पन्नास-पन्नास म्हणतात ते त्यांच्या पदवीचं प्रेम आहे. मी टेक्सस ए अँड एमचा. जानेवारीतल्या याद्यांवर विसंबून कुणी हॉटेल धरत असेल तर आमची कथा ऐकून जा.

२०२४ ला आम्ही ओमाहाच्या फायनलमध्ये टेनेसीशी तिसऱ्या सामन्यापर्यंत गेलो आणि हरलो. दुसऱ्या दिवशी आमचे कोच जिम श्लॉसनेगल उठले आणि ऑस्टिनला, टेक्सस या आमच्या हाडवैऱ्यांकडे, गेले. तरी लॅव्हिओलेट, प्रेगर वगैरे मोठी नावं टिकली आणि जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या याद्यांत आम्ही पहिले. पहिले! फेब्रुवारीतच ग्रॅहोव्हाक खांद्याच्या दुखापतीनं बाहेर. मग जे घसरलो ते ३० विजय, २६ पराभव. ६४ संघांच्या स्पर्धेत एसईसीच्या १६ पैकी १३ संघ गेले, आणि उरलेल्या तिघांत आम्ही.

आणि हे फक्त आमचंच नाही. त्याच स्पर्धेत पहिलं मानांकन व्हँडरबिल्टला, दुसरं टेक्ससला. दोघंही स्वतःच्या मैदानावरच्या रीजनलमध्ये गारद. टेक्ससला यूटीएसएनं (सॅन अँटोनियोचं कॉलेज) हरवलं. (यात मला किती आनंद झाला हे लिहीत नाही.)

तुमच्याच संघाचं बघा. २०२३ ला कप घेतला, पिचर स्कीन्स आणि बॅटर क्रूज ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा गेले, आणि २०२४ ला एसईसीतली सुरुवात ३-१२! नंतर सावरले ते खरं, पण चॅपल हिलच्या रीजनलमध्ये नॉर्थ कॅरोलायनानं संपवलं. लागोपाठ दोन कप शेवटचे घेतले ते साउथ कॅरोलायनानं, २०१० आणि २०११ ला. तेव्हापासून कुणालाही जमलेलं नाही.

अनघाताई, जे पैसे परत मिळणार नाहीत ते देऊ नका.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले आहे. आमच्या खानदेशात आणि विदर्भात हा खेळ शाळाशाळांतून चालतो, हे मुंबई-पुण्याच्या मंडळींना सहसा माहीत नसतं. भाऊ अमेरिकेत असल्यामुळे कॉलेज बेसबॉलची सवय लागली. तुमच्याकडचा संध्याकाळी साडेसहाचा सामना आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, आणि मार्चमध्ये तुमची घड्याळं पुढे सरकली की पाचला. चहाबरोबर पहिल्या दोन इनिंग होतात.

दादांचं पिचिंगपुराण मला पूर्ण पटत नाही. २०२३ ची फायनल आठवा. दुसऱ्या सामन्यात फ्लोरिडानं एलएसयूला २४-४ असं धुतलं. दुसऱ्याच दिवशी एलएसयूनं त्यांना १८-४ नं. स्कीन्सनं त्या तिन्ही सामन्यांत एक चेंडू टाकला नाही. कप बॅटनी आला.

माझी काळजी वेगळी आहे. इव्हान्सला शुक्रवारी सुरुवातीला आणलं, तर आठव्या-नवव्या इनिंगला येणार कोण? चालू सामना बंद करणारा माणूस हातचा घालवून तुम्ही सुरुवात करणारा कमावताय. कॉलेजात बॅट धातूची असते, सहा धावांची आघाडीसुद्धा एका इनिंगमध्ये उडते. मी कोच असते तर त्याला मागेच ठेवलं असतं.

डगआउट_दादा

ताई, २०२३ अर्धंच सांगितलंत. त्या फायनलपर्यंत पोचलो कसे? वेक फॉरेस्टविरुद्ध स्कीन्सनं आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. समोर त्यांचा पिचर लाउडरही तसाच टाकत होता. अकराव्या इनिंगला टॉमी व्हाइटच्या होम रननं २-० झालं. त्या रात्री स्कीन्स नसता तर १८-४ कुठून दिसलं असतं?

इव्हान्सचं म्हणाल तर चांगला हात आठवड्यात सहा-सात इनिंगला मिळणं आणि दोन-तीन इनिंगला मिळणं यात फार फरक आहे. मागे येणारा कोणीतरी एप्रिलपर्यंत सापडतो. शुक्रवारचा सापडत नाही.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

एप्रिलपर्यंत सापडतो म्हणजे मार्चमधल्या हातातल्या आघाड्या गेल्या म्हणायच्या. २०२४ ची ती ३-१२ सुरुवात मार्च-एप्रिलमधलीच होती ना?

डगआउट_दादा

हे मात्र खरं. त्यावर आत्ता माझ्याकडे उत्तर नाही, फेब्रुवारीत बघू.

हिशेबनीस

यात पैशांची बाजू कुणी काढली नाही म्हणून लिहितो. पूर्वी डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या तुकडे करून वाटायच्या. बहुतेक पोरं अर्धी फी घरून भरून खेळायची. जून २०२५ मध्ये कोर्टानं जो समझोता मंजूर केला, त्यानंतर हा आकडा गेला. आता संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू, आणि कॉलेजला परवडत असेल तर ३४ च्या ३४ पूर्ण शिष्यवृत्तीवर. शिवाय कॉलेजला आपल्या खेळांच्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देता येतो, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) पोरं दर उन्हाळ्यात घर बदलतात.

परिणाम असा की एलएसयूसारखं श्रीमंत आणि बेसबॉलवेडं कॉलेज ड्राफ्टमध्ये गमावलेलं एका उन्हाळ्यात भरून काढू शकतं. मूर, यॉर्क, कॅरवे हे त्याच वाटेनं आले. त्यामुळे काकांच्या जुन्या इतिहासावर यंदाचा हिशेब पूर्ण बसेल असं मला वाटत नाही. मात्र ३४ ची मर्यादा उलटीही चावते. दोन पिचरांची कोपरं दुखावली की मागे रांगेत उभं कुणी नसतं.

कॉलेजस्टेशन_काका

पैसा आमच्याकडेही काही कमी नव्हता हो.

वेस्टवुडवासी

मंडळी, चर्चा दक्षिणेतच फिरतेय. यंदा बहुतेक याद्यांत पहिलं नाव यूसीएलएचं (आमचं लॉस एंजेलिसचं कॉलेज) आहे! गेल्या वर्षीही ओमाहाला होतो. तिथे एलएसयूनंच ९-५ नं हरवलं. पण आमचा जवळजवळ सगळा संघ परत आलाय, आणि शॉर्टस्टॉप चोलॉस्की येत्या जुलैच्या ड्राफ्टमध्ये पहिला जाईल असं म्हणतात. दादांच्या भाषेत सांगायचं तर जूनमधली माणसं आणि फेब्रुवारीतली माणसं बरीचशी तीच असलेला हा दुर्मीळ संघ.

डगआउट_दादा

यूसीएलए भारी आहे, मान्य. टेक्सस मजबूत आहे. मिसिसिपी स्टेटनं व्हर्जिनियाहून ब्रायन ओ'कॉनरना कोच म्हणून आणलंय, त्यामुळे त्यांच्या गावी, स्टार्कव्हिलमध्ये, उत्साह उतू जातोय. टेनेसीचे टोनी व्हिटेलो तर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे मॅनेजर होऊन गेले. व्यावसायिक बेसबॉलचा काडीचा अनुभव नसताना कॉलेजातून थेट मेजर लीगचा मॅनेजर होणं पूर्वी कुणाला जमलं नव्हतं. तिथे आता त्यांचे सहायक एलँडर बघतायत. तेव्हा एसईसीत कुठलाच शनिवार-रविवार फुकटचा नाही.

ओमाहाकर

धाग्याच्या नावात माझं गाव दिसलं म्हणून आलो. इथे राहतो, दर जूनला ही जत्रा दारात असते. संघाबद्दल तुम्ही भांडा, मी बुकिंगचं सांगतो.

अनघाताई, आधी तारखांची अडचण लक्षात घ्या. कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५० पासून ओमाहातच भरते, जागा ठरलेली, जूनचा मध्य ठरलेला. पण येणारे आठ संघ कोणते हे सुपर रीजनल (रीजनलनंतरची फेरी) संपेपर्यंत, म्हणजे सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीपर्यंत कळत नाही. कळलं की आठ गावांतले लोक एकदम तुटून पडतात. त्यामुळे प्लांटमधले म्हणतात ते खरं आहे, आत्ता धरावं. काका म्हणतात तेही खरं आहे, पैसे अडकवू नयेत. दोन्ही जमतं. रद्द करता येईल असंच बुकिंग करा, चार पैसे जास्त पडले तरी. स्टेडियम अगदी डाउनटाउनमध्ये आहे, तिथली हॉटेलं सगळ्यात महाग. मिसुरी नदीपलीकडे आयोवातलं काउन्सिल ब्लफ्स बघा, नाहीतर लिंकन, गाडीनं तासाभरावर.

दुसरं, कोणत्या दिवसांचं धरायचं? सगळे फायनलचे दिवस धरायला जातात. माझं ऐका, सुरुवातीचा शुक्रवार ते रविवार धरा. आठ संघ चार-चारच्या दोन गटांत असतात, दोनदा हरला तो घरी. पहिल्या दोन दिवसांत आठही संघ एकेकदा खेळून जातात. एलएसयू आली तर हमखास दिसेल, नाही आली तरी आठ चांगले संघ दिसतील. फायनल बेस्ट ऑफ थ्री असते. तिथे तुमचा संघ नसेल तर सासरे दोन अनोळखी गावांची भांडणं बघत बसणार.

दादा आणि जळगावच्या ताई, तुमच्या वादात माझे दोन पैसे. चार्ल्स श्वाब फील्ड फार मोठं मैदान आहे, मधली भिंत ४०८ फुटांवर. त्यात वारा बऱ्याचदा आतल्या दिशेनं. बॅटन रूजला जो चेंडू भिंतीपलीकडे जातो तो इथे झेल होतो. २४ हजार लोक उभे राहून ओरडतात आणि चेंडू कुणाच्या तरी ग्लव्हमध्ये. पिचर, बंट (बॅटनं चेंडू हळूच समोर थोपवणं) आणि चोख फिल्डिंग, यावर इथे सामने जातात. १८-४ हा अपवाद आहे, १-० नेहमीचं.

जूनमधलं ऊन कडक असतं, सासू-सासऱ्यांसाठी दुपारचा नाही तर संध्याकाळचा सामना घ्या. आउटफिल्डची सर्वसाधारण तिकिटं स्वस्त, पण जागा धरायला लवकर जावं लागतं आणि सावली नाही. वयस्कर मंडळींसाठी बेसच्या मागच्या खुर्च्या घ्या. स्टेडियमसमोर रोकोज नावाचा पिझ्झावाला आहे, तिथे जेलो शॉटची (दारू घातलेली जेली) कॉलेजवार मोजणी फळ्यावर चालते. २०२३ ला एलएसयूवाल्यांनी ६८,८८८ शॉट घेतले. तिकडे सासऱ्यांना नेऊ नका, किंवा न्या, तुमच्या घरचा प्रश्न.

चेंडूफळी

६८,८८८? आता मलाही जायचंय.

अनघा_बॅटनरूज

केवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. ओमाहाकर, पहिल्या शुक्रवार-रविवारचं पटलं. नवऱ्यानं आजच काउन्सिल ब्लफ्सला रद्द होणारी खोली बघितली.

पण दादा, सीझन तिकिटाचं राहिलं. आम्हाला दोघांनाही नोकरी आहे, मुलगी पाचवीत आहे. एवढे सगळे सामने बघणं शक्यच नाही.

डगआउट_दादा

५६ पैकी निम्म्याहून बरेच जास्त सामने बॅटन रूजलाच असतात. सगळे कुणीच बघत नाही. घ्यायचं ते असं वाटून घ्या.

फेब्रुवारीत उत्तरेकडचे संघ इकडे येतात कारण त्यांच्याकडे बर्फ असतो. पहिला आठवडा मिलवॉकीविरुद्ध आहे. हे सामने बहुधा एकतर्फी. तुम्ही दोघं एखाद्या शनिवारी जाऊन खेळ समजून घ्या, मुलीला न्या, स्वेटर न्या. संध्याकाळ गार असते.

मंगळवारचे सामने आसपासच्या लहान कॉलेजांशी असतात. त्या दिवशी नवे, पहिल्या वर्षाचे पिचर टाकतात. निकाल कसाही लागो, मला हे सामने फार आवडतात, कारण पुढच्या वर्षीचा शुक्रवार तिथे घडत असतो. तुम्हाला जमणार नसतील तर प्लांटमध्येच कुणाला तरी विका, गिऱ्हाईक मिळेल.

एसईसीचे घरचे आठवडे पाच, १५ सामने. खरं तिकीट याचंच. यातले मेमधले सासऱ्यांसाठी राखा.

आणि सहकाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट विचारा: रीजनल बॅटन रूजला झालं तर त्या खुर्च्यांवरचा आधी विकत घेण्याचा हक्क तुम्हाला मिळणार का? त्याचे पैसे वेगळे पडतात, पण तो हक्क मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, नसेल तर घासाघीस करा. कारण माझ्या मते या सगळ्यात बघण्यासारखं ओमाहा नाहीच, रीजनल आहे. मेअखेरीस, देशातल्या वरच्या १६ संघांच्या मैदानांवर, प्रत्येकी चार संघ, दोनदा हरलात की संपलं. गेल्या वर्षी लिटल रॉकनं आम्हाला रविवारी १०-४ नं हरवलं होतं. लिटल रॉक! सोमवारी १०-६ नं जिंकलो तेव्हा जीव भांड्यात पडला, नाहीतर तो कप वगैरे काही झालंच नसतं. सासऱ्यांना नॉकआउट क्रिकेटची सवय असेल, त्यांना हे आवडणार.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

दादांशी इथे शंभर टक्के सहमत. ताई, सासऱ्यांना नेण्याआधी १९९६ च्या फायनलचा शेवट यूट्यूबवर दाखवा. नवव्या इनिंगचा शेवट, दोन बाद, एलएसयू मायामीपेक्षा एका धावेनं मागे, एक धावणारा तिसऱ्या बेसवर. वॉरन मॉरिस येतो. हाताच्या दुखण्यामुळे सीझनचा मोठा भाग बाहेर होता, त्या वर्षी एकही होम रन नव्हता. पहिलाच चेंडू, उजव्या कोपऱ्यातल्या भिंतीपलीकडे. ९-८. मायामीची पोरं तिथेच जमिनीवर पालथी पडली. ज्यांनी १९८६ चा शारजा पाहिलाय त्यांना मायामीच्या बाजूनं कसं वाटलं असेल हे सांगावं लागणार नाही.

स्टेडियममध्ये गेल्यावर उजव्या कुंपणामागे मोठा फलक आहे, इंटिमिडेटर म्हणतात त्याला. त्यावर सगळ्या विजेतेपदांची वर्षं आहेत: १९९१, ९३, ९६, ९७, २०००, २००९, २०२३, २०२५. पहिली पाच स्किप बर्टमन या एकट्या कोचची. आत्ताच्या जे जॉन्सनची दोन झाली.

अनघा_बॅटनरूज

सहकाऱ्याला विचारलं. रीजनलचा हक्क एका खुर्चीचा देतो म्हणाला, दोन नाही! घासाघीस चालू आहे. मंगळवारचे सामने त्यालाच परत देऊन किंमत कमी करून मागितलीय.

सासऱ्यांना काल फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन प्रश्न पाठवलेत. एक, स्कोअर कसा लिहितात, कारण ते वही घेऊनच बसणार. दोन (हा सासूबाईंना कळू न देता), स्टेडियममध्ये तंबाखू चालते का.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

वहीवाले सासरे! त्यांना जळगावला पाठवा.

सोपं आहे. धावफलकात खेळाडूंना जागेवरून आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्यानं दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोन बाद, तर ६-४-३. स्ट्राइकआउटला इंग्रजी के लिहायचा, बॅटर न हलवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. यंदा मायलम ६ ला आहे, त्यामुळे वहीत ६ पुष्कळ येईल.

डगआउट_दादा

तंबाखूला एलएसयूच्या अख्ख्या आवारात बंदी आहे, चघळायच्यासुद्धा. पिशवीही पारदर्शकच लागते, त्यामुळे पुडी लपायची नाही. सूर्यफुलाच्या बिया घेऊन द्या. डगआउटमध्ये पोरं सामनाभर त्याच चघळत असतात, आणि टरफलं थुंकण्यावर कुणी काही म्हणत नाही.

ओमाहाकर

खारवलेल्या घ्या. रँच चवीच्या घेऊ नका.